न झिजलेलं रबर

अब्बा, दुपारी फाट्यावर कुणी थांबत नाही. एक एसटी येऊन गेली की धूळ खाली बसेपर्यंत सगळं गप्प असतं. अशा वेळी मी एखादी सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करते, पुढचं चाक फिरवते आणि बघत बसते. काम नसलं तरी फिरवते. स्पोकची सावली मागच्या पत्र्यावर पडते. आधी सगळं धुरासारखं दिसतं, मग चाक मंदावलं की एकेक काडी सुटी होत जाते. डोळे जड होतात. मग मागून तुमचा आवाज येतो, तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखा, "कान लाव. घासतंय का?" मी कान लावते. घासत नसतं. मागे वळलं तर तुम्ही नसणार हे मला माहीत आहे, म्हणून मी वळतच नाही.

लिहायला मला मराठीच येतं, तेही चौथीपुरतं. घरात आपण आपल्या बोलीत बोलायचो, ते मी इथे मराठीत उतरवते, जिथे उतरत नाही तिथे तसंच ठेवते. तुम्हाला तर कुठलीच अक्षरं येत नव्हती. दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय हे पेंटरने सांगितलं तेवढंच तुम्हाला माहीत. म्हणजे हा कागद तुमच्या हातात पडला असता तरी तुम्ही तो कुणाकडून तरी वाचून घेतला असता, आणि यात आहे ते तिसऱ्याने वाचण्यासारखं नाही. बरं झालं, पाठवायची सोयच नाही.

मुखेडला बाजाराच्या वाटेवर, लिंबाखाली आपलं दुकान. भाड्याच्या सायकली ओळीने उभ्या, सगळ्या काळ्या, मडगार्डवर पांढऱ्या रंगाने आकडे. नवी सायकल आली की तुम्ही पहिलं काम एकच करायचात, पुढच्या चाकाचा ब्रेक काढायचा. सळ्या, रबरं, सगळं सोडवून पत्र्याच्या डब्यात. आपल्या दुकानातल्या एकाही सायकलीला पुढचा ब्रेक नव्हता. बाजारच्या दिवशी खेड्यातली माणसं यायची, उजव्या हाताला ब्रेक नाही हे बघून कुणीतरी म्हणायचंच, "मिस्त्री, अर्धीच सायकल देता काय?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "अर्धी देतो म्हणून तू पुरा परत येतोस." लोक हसायचे. मी पण हसायचे, काय कळायचं नाही तरी. मग ते गेल्यावर तुम्ही मला सांगायचात, "माणूस घाबरला की मुठी आवळतो. मुठीत जे असंल ते आवळतो. दोन्ही हातात ब्रेक दिले तर दोन्ही आवळंल, आणि हँडलवरनं उडून माझ्या सायकलीच्या आधी आपल्या गावाला पोचंल."

मोठी शाळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती. अम्मी म्हणाली, पोरीची जात, एवढ्या लांब नको. तुम्ही काही बोलला नाहीत. मी दुकानात आले. त्याचा राग मला होता आणि आहे, पण तो वेगळा कागद आहे, आज तो काढत नाही. दुकानात मी बेअरिंगचे छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधायचे. माझ्या हातात पाना बसला तेव्हा मी बारा वर्षांची असेन. त्याच साली तुम्ही मला सायकल करून दिली. सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची, सीट कुणाची ते अल्लालाच माहीत. सगळी जोडून झाल्यावर तुम्ही उठून तो पत्र्याचा डबा काढलात. मला वाटलं आता काय राहिलं. तुम्ही त्यातून पुढचा ब्रेक काढलात, सळ्या पुसल्या, कोरी रबरं बसवली. त्या रबरांवर कंपनीची अक्षरं उठावदार होती, मी त्यांच्यावरून बोट फिरवलं. शेजारचा चप्पलवाला म्हणाला, "गावात कुणाला देत न्हाईस अन् पोरीला देतोस?" तुम्ही म्हणालात, "गाव शिकायला कुठं बसतंय माझ्यापाशी."

अब्बा, एवढं मोठं काही मला परत कुणी दिलं नाही. माझ्या निकाहात दिलेलं सोनंसुद्धा त्याच्यापुढे कमीच.

मग तो बाजारामागचा उतार. सकाळचं कोवळं ऊन, खाली ओढा, दोन्ही बाजूंना तरवड फुलून पिवळा झालेला. मी सीटवर, तुम्ही शेजारून पळताय, एक हात सीटच्या मागे. तुमची लुंगी फडफडते आहे. "पहिले पीछे का," तुम्ही ओरडताय, "फिर आगे का. हल्लू. हल्लू, बेटी." मागचा ब्रेक सायकलीला सांगतो की थांबायचंय, आणि पुढचा थांबवतो, असं तुम्ही मला आधीच समजावलेलं. ढुंगण मागे सरकवायचं, हात ताठ ठेवायचे, अंडं धरल्यासारखी उजवी मूठ. मला सगळं तोंडपाठ होतं. कधीकधी अजून दुपारी डोळा लागला की मी त्या उतारावर असते. चाकं रस्त्याला लागलेलीच नसतात. वारा कानात शिरतो, तुम्ही शेजारी पळता आहात आणि तुम्हाला दम लागत नाही. उतार संपतच नाही. स्वप्नात तो कधीच संपत नाही.

खरा उतार संपला. तिसऱ्या दिवशी तुम्ही हात सोडलात, मधे एक शेळी आली, आणि मी दोन्ही मुठी आवळल्या. तुम्ही सांगितलं होतं तस्संच. मागचं चाक माझ्या डोक्यावरून गेलेलं मला आठवतं, आभाळात चाक फिरतंय आणि लई सुंदर दिसतंय असं वाटलेलं आठवतं. मग हनुवटी. तुम्ही धावत आलात, रक्त बघितलंत, खांद्यावरचं फडकं दाबलंत, आणि माझ्यावर कधी नाही ते ओरडलात. "मला वाटलं तुझे हात माझे हायत. तुझे पण बाजारचेच निघाले. काढून टाकू हा ब्रेक? बोल." लोक जमले होते. चप्पलवाला पण होता. मी फडक्याच्या आडून म्हणाले, "राहू द्या." 

तुम्ही राहू दिला. आणि मी तो परत कधी धरला नाही.

एकदाही नाही, अब्बा. डाव्या हाताने मागचा धरायचा, सायकल मुळातच हळू हाकायची, आणि उरलेलं थांबणं पायाने. चप्पल रस्त्याला घासत घासत. अम्मी कातावायची, "हिच्या चपला महिन्यात कशा फाटतात? रस्ता खाती का काय ही पोरगी?" तुम्ही ऐकायचात आणि दुसरी जोडी आणून टाकायचात. दर ईदेच्या आधी तुम्ही माझी सायकल खोलून साफ करायचात, तेव्हा पुढची रबरं काढून उजेडात धरायचात. अक्षरं जशीच्या तशी. तुम्ही ती रबरं चप्पलवाल्याला दाखवलीत, चहावाल्याला दाखवलीत, एकदा तर एसटीच्या कंडक्टरला थांबवून दाखवलीत. "हात देखो मेरी बेटी का. रबड तक नहीं घिसा." इतका हलका हात, म्हणे. दोन चिजा तुमच्यासमोर पडलेल्या होत्या, कोरं रबर आणि फाटकी चप्पल, आणि जन्मभर सायकलीच्या आजारांची नाडी बघणाऱ्या माणसाने त्या दोन्ही एकत्र धरून बघितल्या नाहीत. का बघायच्या नव्हत्या, ते तुमचं तुम्हाला माहीत. मी तोंड उघडलं नाही. इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं, ते मी कशाला घालवू.

आता इकडचं सांगते, नाहीतर मी उतारावरच राहीन. लग्न होऊन मी इकडे शिरूर अनंतपाळकडे आले. तुम्ही गेल्यावर भावाने तुमची पेटी मला दिली, त्याला त्या पान्यांचा उपयोग नव्हता. फाट्यावर चार पत्रे उभे करून दुकान टाकलं. बाई पंक्चर काढते म्हणून लोक आधी बघायला आले, मग पंक्चर घेऊन आले. मालक सेंट्रिंगच्या कामावर बाहेरगावी असतात, महिन्यातून येतात. आणि हल्ली शाळेतनं पोरींना सायकली मिळतात, त्यामुळे सकाळी फाट्यावर पोरींची रांग असते. वायरचे ब्रेक, दोन्ही चाकांना. मी एकेकीला उभी करून सांगते, मागचा आधी, पुढचा हळू, निघायच्या आधी दोन्ही दाबून बघ. पोरी मला घाबरतात, कारण मी दोनदा सांगत नाही. त्यांचे ब्रेक मी असे बसवून देते की तुम्ही बोट लावून बघितलं असतं तरी काही बोलला नसता.

माझी धाकटी आठवीत गेली, तिलाही सायकल मिळाली. तुम्ही तिला बघितलं नाही. नाकावर राग आणि पाय लांब. ती सायकल घेऊन आली त्या संध्याकाळी ती आत भाकरी खात होती, आणि मी बाहेर बसून तिच्या पुढच्या ब्रेकची वायर सैल केली. नुसती सैल, काढली नाही. दांडा दाबला तर दाबल्यासारखा वाटावा आणि रबराने रिंगला नुसतं हुंगून सोडावं, इतपत. माझी हनुवटी मला दिसत होती. मला वाटलं मी तुमच्यासारखंच करते आहे. पण तुम्ही उजेडात काढायचात, विचारणाऱ्याला सांगायचात. मी माझ्याच पोरीपासून चोरून केलं.

सोयाबीन निघालं. इकडे आता लोक शेंगा झाडासकट डांबरी रस्त्यावर पसरतात, वरून गाड्या गेल्या की आयती मळणी. शाळेच्या वाटेवर पुलाच्या आधी उतार आहे, त्या उताराच्या पायथ्याला एका बाईने पसरलं होतं. दाणे रस्ताभर, छर्रे सांडल्यासारखे. पोरीने वरूनच बघितलं. तिने सगळं बरोबर केलं, अब्बा. मागचा आधी धरला, मग पुढचा, ढुंगण मागे, हात ताठ. पुढचा दांडा मुठीला जाऊन टेकला आणि काहीच झालं नाही. एकट्या मागच्या ब्रेकवर चाक घसटत, वाकडं होत, दाण्यांत गेलं. ती सोयाबीनवाली बाईच तिला घेऊन आली, एका हाताने पोरगी धरलेली, दुसऱ्या हाताने सायकल. "तुझ्या पोरीनं माझं अर्धं पोतं नालीत घातलं," ती दुरूनच ओरडली, आणि जवळ आल्यावर आवाज खाली करून म्हणाली, "हात बघ बाई आधी तिचा. लई सुजलाय."

मनगट मोडलं होतं. दवाखान्यातून येताना रिक्षात पोरगी म्हणाली, "मम्मी, पुढचा ब्रेक धरलाच न्हाई." मी म्हणाले, "वायर सैल झाली असंल. नव्या वायरी ताणतात." खोटं नव्हतं ते. नव्या वायरी ताणतातच.

प्लास्टर निघेपर्यंत मालकांच्या भावाने तिला मोटारसायकलवर नेलं-आणलं. प्लास्टर निघालं तरी ती सायकलीकडे बघेना. दीराला किती दिवस सांगणार, आणि शाळेच्या वेळेला इकडून एसटी नाही. एक आठवडा ती घरीच. परवा, शनिवारी, ती दुकानात येऊन माझ्याजवळ बसली, छऱ्यांची वाटी पुढे ओढून घेतली आणि धुवायला लागली. म्हणाली, "चूक माझीच हाय. तू रोज सांगतीस, दोन्ही दाबून बघ. मी मागचाच दाबून निघाले. मला न्हाई जमत सायकल, मम्मी. मी हितंच बसते तुझ्यापाशी. पंक्चर काढायला शिकव."

तिची बोटं रॉकेलमध्ये काळी झाली होती. अब्बा, ती बोटं मी ओळखते. तुम्ही असता तर कदाचित खूश झाला असता, दुकान पुढे चाललं म्हणून. मी वाटी तिच्यापुढून काढून घेतली.

मी म्हणाले, "वायर सैल झाली नव्हती. मी केली होती."

उलट्या सायकलीचं चाक तिने बोटाने फिरवलं. ते पूर्ण थांबेपर्यंत बघत राहिली.

"काल त्या तिघींचे घट्ट करून दिलेस."

"दिले."

"सगळ्या गावाच्या पोरींचे घट्ट. माझाच सैल."

"हां."

"का?"

"तू पडशील म्हणून."

"मग पडलेच की."

मी पाना उचलला, खाली ठेवला. मग तिने ते विचारलं जे तुम्ही कधी विचारलं नाही. "तू धरतीस का पुढचा?" मी तिला सगळं सांगितलं. शेळी, हनुवटी, चपला, तुमचं ते रबर उजेडात धरणं. ती ऐकत गेली, आणि तोंड असं केलं की मला वाटलं आता रडते. ती म्हणाली, "म्हणजे सगळ्यांना शिकवतीस आणि तुला येत न्हाई. लई भारी हायेस तू." मग उठली. "वायर घट्ट कर. चल."

वायर मी तिच्यासमोर घट्ट केली. तिने स्वतः दाबून बघितली, दोनदा. मग आम्ही त्या पुलाच्या उतारावर गेलो, ऊन उतरतीला लागलेलं, दोन्ही बाजूंना कापलेली रानं, तुरी तेवढ्या उभ्या. सोयाबीन कधीच उचलून नेलेलं. मी वर, ती मध्यावर जाऊन उभी राहिली. काठीने रस्त्यावर आडवी रेघ मारली. "हितं थांबायचं. आणि चपला वर काढून ठेव, मला माहीत झालंय आता." सत्तेचाळीस वर्षांची बाई, पदर खोचून, अनवाणी, पोरीच्या सायकलवर. रस्त्याने एक बैलगाडी चालली होती. गाडीवान म्हणाला, "काय वो भाबी, रेस लागली काय?" पोरगीच म्हणाली, "मामा, तुम्ही जावा तुमचं बघत."

मी पाय सोडले. अब्बा, मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. वारा तोच होता. तरवड नव्हता इकडे, तरी पिवळं काहीतरी दोन्ही बाजूंनी मागे पळत होतं. तुम्ही शेजारी होतात असं मी म्हणणार नाही, मला असलं बोललेलं आवडत नाही. पण सीटच्या मागे कुणाचा तरी हात आहे असं शेवटपर्यंत वाटलं, आणि खालून ती ओरडत होती, जिने तुम्हाला पाहिलं नाही ती ओरडत होती, "मागचा आधी. आता पुढचा. हळू, मम्मी, हळू." मी उजवी मूठ मिटली. अंडं धरल्यासारखी. सायकलीने पुढे मान घातली, सलाम करावा तशी, आणि थांबली. चाक उचललं नाही. आभाळ जागेवर राहिलं. एवढंच असतं ते. पस्तीस वर्षं मी एवढ्याशासाठी चपला फाडल्या.

"मेलीस का?" तिने विचारलं.

"न्हाई."

"मग हो बाजूला." तिने सायकल माझ्या हातातून घेतली, चढावर ढकलत वर नेली, आणि स्वतः आली. रेघेवर थांबली. परत वर नेली, परत आली. अंधार पडायला लागला तेव्हा कुठे थांबली.

आज सोमवार. सकाळी ती शाळेला गेली. निघताना दोन्ही ब्रेक दाबून बघितले, आणि मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं आता काही दिवस राहील. राहू दे. माझ्या हातून ब्रेक लावून घ्यायला ती तयार आहे, पण तपासल्याशिवाय सीटवर बसत नाही. माझ्या सायकलीची ती दोन रबरं तुमच्या पेटीच्या तळाशी अजून आहेत, मी काढून बघितली. अक्षरं वाचता येतात. हे कागद तिथेच घडी घालून ठेवते, रबरांच्या खाली, जिथे कुणी हात घालत नाही.

पाच वाजत आले. वरच्या बाजूने घंटी वाजते आहे, एकीची नाही, तीन-चार जणींची. एकीची मला ओळखू येते. आता मला उठलं पाहिजे, तेव्हा राहिलेलं एक सांगून टाकते. शनिवारी त्या उतारावर मी पुढचा ब्रेक धरला, तो धरला हे खरं आहे. पण सायकल थांबायच्या अगदी आधी माझी उजवी टाच खाली लागली होती. थोडीच. पोरीला दिसलं नाही. अजून चुरचुरते आहे.